‘बस’ आणि ‘बस की’

मैत्रिणीच्या मराठी लघुपटाची इंग्रजी सबटायटल्स करायला मी हौसेने हो म्हटलं आणि दुसऱ्याच प्रसंगात अडकले. सून कामावरून उशिरा आलीय, चपला काढतेय, तोच आतून सासू म्हणते, ‘बस की गं जरा.’ मी लिहिलं, ‘सिट डाउन.’ इथे मँचेस्टरला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना तो तुकडा दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न : ‘सासू चिडलीय का?’

चिडलेली कुठली! सगळ्या लघुपटात ती एवढं मऊ दुसऱ्यांदा बोलत नाही. फक्त तो मऊपणा ‘की’, ‘गं’ आणि ‘जरा’ एवढ्यांत होता आणि मी नेमके तेच गाळले होते. सबटायटलला जागा तरी किती? दोन ओळी, ओळीत साधारण 40-42 अक्षरं. क्रियापद राहतं, शेपूट जातं.

ऐकणाऱ्याने काहीतरी करावं म्हणून जे बोललं जातं, त्या सगळ्याला भाषेचे अभ्यासक एकाच गटात टाकतात : हुकूम, विनंती, आर्जव, सल्ला. बोलणं हीसुद्धा एक कृतीच असते, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडलं. पुढे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी अशा कृतींचे पाच गट केले, त्यातला हा एक. चित्रपटाचा संवाद तर बराचसा यावरच चालतो. एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं किंवा करायचं नाही; झाला प्रसंग.

घरी फोन केला की सध्या भावाशी माझा एकच वाद. त्याच्या मते मराठी मुळातच उद्धट. ‘प्लीज’ला आपल्याकडे शब्द आहे का, सांग! आहे ना, ‘कृपया’. पण तो पाट्यांवर आणि स्टेशनवरच्या घोषणांत राहतो, घरात येत नाही. मग हल्लीचे संवादलेखक सभ्यपणा आणायला काय करतात? ‘तू माझ्यासाठी हे करू शकतोस का?’ अहो, हा तर अंगात तेवढी ताकद आहे का, असं विचारणं झालं. घरातलं माणूस म्हणेल, ‘तेवढं करतोस?’ त्या ‘तेवढं’मध्ये काम छोटं होतं, आणि नाही म्हणायला जागाही राहते. पोलंडमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅना विर्झबिका यांनी 1985 साली हेच पोलिशबद्दल लिहिलं होतं : आडवळणाने विचारणं म्हणजेच सभ्यता, हा इंग्रजीचा रिवाज आहे, सगळ्या जगाचा नियम नाही. परक्या भाषेत रोज वावरणाऱ्या बाईला हे दिसावं याचं मला नवल वाटत नाही.

आडवळणाचा फटका मी स्वतः खाल्लाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेब म्हणाले, ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अ लुक अ‍ॅट धिस.’ मी मनात मराठी केलं, सवड झाली तर बघ, आणि कागद बाजूला ठेवला. दहा दिवसांनी बैठकीत कळलं की तो हुकूम होता. ‘हे उद्यापर्यंत कर गं’ म्हणाले असते तर मला अजिबात राग आला नसता.

एवढं असूनही भावाचं म्हणणं मी पुरतं उडवून लावत नाही. जुने चित्रपट सबटायटल्सच्या नजरेने परत बघायला लागले तेव्हा एक गोष्ट खुपली. मराठीत शेपूट आहे, पण ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. जावयाला ‘बसा ना’, मुलाला ‘बस रे’, आणि घरकामाच्या बाईला, हवालदाराला, कित्येकदा बायकोलाही नुसतं ‘ए, इकडे ये’. त्यांचं सबटायटल मात्र कसं बिनचूक होतं, कारण गाळायला काही नसतंच. भाषा उद्धट नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती वापरणाऱ्यांचा हात कुणाच्या बाबतीत आखडतो, ते पडद्यावर दिसतं. संवादात ‘प्लीज’ पेरून यातलं काय बदलणार? त्या बाईला एकदा ‘ये ना गं’ म्हणून बघा. सगळा प्रसंगच वेगळा लिहावा लागेल.

माझं घोडं अजून सासूपाशीच अडलंय. ‘कम, सिट’ करून पाहिलं, शेजारीण म्हणाली कुत्र्याला बोलावल्यासारखं वाटतं. ‘व्हाय डोन्ट यू सिट डाउन’ लिहिलं तर सासू एकदम माझ्या साहेबांसारखी बोलायला लागली. शेवटी ‘सिट फॉर अ बिट, लव्ह’ असं लिहून पाठवलं. इथल्या म्हाताऱ्या बायका खरंच तसं म्हणतात.

रात्री मैत्रिणीचा निरोप आला : ‘सासू मँचेस्टरची झाली. बदल की गं जरा.’