मामांनी रद्द केलेला जेसीबी आणि लोणारचा गाळ

मंगळवारी रात्री चोपड्याहून मामांचा फोन आला. "भाचा, हाई खरं शे का?" एवढं विचारलं खरं, पण त्याआधीच त्यांनी विहिरीच्या पुनर्भरणाच्या, म्हणजे पावसाचं पाणी विहिरीत उतरवायच्या खड्ड्यासाठी सांगितलेला जेसीबी रद्द करून टाकला होता. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो पाच मुद्द्यांचा मेसेज. मलाही तो आठवडाभरात तीन ग्रुपवर आलाय. सारांश असा: खान्देश आधी कायम हिरवागार होता, इंग्रजांच्या आधी इथे दुष्काळ नव्हता, माती-दगडावरून जुना पाऊस सांगणारे थापा मारतात, तापीचे पूर फक्त धरणांमुळे येतात, आणि पाऊस 30 वर्षांच्या चक्राने फिरतो. आता म्हणे ओली 30 वर्षं सुरू झालीत, तेव्हा पुनर्भरणावर पैसे घालवू नका, तीच रक्कम नव्या बोअरला लावा.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण नुकसान त्याच्यामुळे होणार आहे.

यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. देशभराच्या मान्सूनच्या नोंदींत काही दशकं सरासरी थोडी वर आणि काही दशकं थोडी खाली असं दिसतं. 1901 ते 1930 हा काळ एकूण कमी पावसाचा, त्यानंतरची 30 वर्षं बरी. पण ही साऱ्या देशाची सरासरी झाली. चोपड्यातल्या एका शिवाराला ती कसली हमी देणार? आणि सव्वाशे वर्षांत असे चढउतार मोजून चार, त्यावरून घड्याळ कसं बनवता?

त्यापेक्षा लांबची नोंद बघायची तर लोणारला चला. जळगावपासून सरळ रेषेत साधारण 150 किलोमीटर. लोणार खान्देशात नाही, मान्य. पण पाऊस त्याच मान्सूनचा. त्या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. पाऊस आणि झऱ्यांचं पाणी येतं आणि वाफ होऊन जातं. पाऊस वर्षानुवर्षं कमी पडला की पाणी आटतं, खारटपणा वाढतो आणि गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक तयार होतात. शास्त्रज्ञांनी तळातून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा गाभा, म्हणजे थर जसेच्या तसे राहिलेला उभा दांडा, काढला, थरांची वयं कार्बनवरून ठरवली आणि 2014 मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे 11 हजार वर्षांचा हिशेब आहे त्यात. दोन मोठे कोरडे काळ सापडले: एक आजपासून सुमारे 4600 ते 3900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2000 ते 600 वर्षांपूर्वीचा. म्हणजे एक 700 वर्षांचा आणि एक 1400 वर्षांचा! त्यात मधे चांगली वर्षं आलीच नसतील असं नाही, पण कल कोरड्याकडे होता. 30 वर्षं झाली की पाऊस आपोआप परत येतो, असं ठरलेलं असतं तर हे थर असे जमलेच नसते.

आता मातीवरून पाऊस सांगणं ही थाप, या मुद्द्याकडे. मामा, तुमच्याच नाल्याच्या कडेला बघा. काळ्या मातीखाली पिवळट थर आहे, त्यात बोराएवढ्या पांढुरक्या गाठी. तुम्ही त्यांना चुनखडी म्हणता आणि नांगराला अडतात म्हणून वैतागता. एक गाठ फोडा, वर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. पाऊस भरपूर असेल तिथे हा चुना पाण्याबरोबर धुऊन जातो. पाऊस बेताचा आणि ऊन कडक असेल तिथे तो मातीत साचून गाठी बनतात. एका गाठीवरून साल सांगता येत नाही, हे खरं. पण तो प्रदेश बारमाही ओला नव्हता, एवढं ती नक्की सांगते. झाडांचंही तसंच. सातपुड्यातल्या सागाला दरवर्षी एक कडी येते, रुंदी बऱ्याच अंशी त्या वर्षीच्या पावसावर ठरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या कड्यांवर अनेक वर्षं काम झालंय.

कायम हिरवागार खान्देश? चाळीसगावजवळच्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवच्या सापडल्या, काहींवर कोरीव रेघा, काहींचे मणी केलेले. वय सुमारे 25 हजार वर्षं. शहामृग घनदाट ओल्या जंगलात राहत नाही, त्याला मोकळा, कोरडा माळ लागतो.

इंग्रजांच्या आधी दुष्काळ नव्हता, हे लिहिणाऱ्याने निदान नंदुरबारचं नाव तरी आठवायचं. 1630 च्या दुष्काळात पीटर मुंडी हा प्रवासी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला. नंदुरबारपर्यंतच्या वाटेवर पडलेली प्रेतं त्याने लिहून ठेवलीत. त्याआधीचा 1396 पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ तर आपल्या आजीच्या तोंडी होता.

पुरांचं थोडक्यात. धरणातून पाणी सोडण्याची वेळ चुकली तर पूर वाढतो, यात वाद नाही. पण तापीच्या खडकाळ घळींत जुन्या पुरांनी टाकलेला गाळ थरावर थर आहे. नद्यांचे अभ्यासक विश्वास काळे आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये त्यावर लिहिलंय. ते थर धरणांच्या आधीचेही आहेत.

मामा, रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. लिंबू घरचंच घेऊ आणि नाल्यावर जाऊ. आणि जेसीबीवाल्याला सोमवारचं सांगून ठेवा. केळीला पाणी याच विहिरीतून जातं. पावसाळ्यात शिवारातलं वाहून जाणारं पाणी तिच्यात उतरलं तरच उन्हाळ्यात तळ दिसणार नाही. शेजारी नवी बोअर मारली तर ती पाणी याच जमिनीतलं ओढणार आहे.