बिल्ल्याखालच्या दोन पट्ट्या

पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन पदकांवरचा हा लेख आवडला. पण घरी थांबलेल्या बायकांच्या बिल्ल्याचा उल्लेख राहिला, म्हणून लिहितेय. आघाडीवर गेलेल्या सैनिकाच्या आईला, बायकोला किंवा जवळच्या नातलग स्त्रीला तिथलं संरक्षण खातं चांदीचा छोटा बिल्ला देत असे. मेलबर्नला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी तो हातात घेतला होता. निळ्या मिन्यावर ‘ऑस्ट्रेलियाच्या स्त्रियांना, बजावलेल्या कर्तव्याबद्दल’ अशा अर्थाची अक्षरं, आणि खाली बारीक कड्यांनी अडकवलेल्या दोन पट्ट्या. घरातला आणखी एक जण गेला की एक पट्टी वाढायची. म्हणजे त्या बाईची तीन माणसं युद्धावर होती! काही केल्या तो बिल्ला खाली ठेववेना.

कॅनडानेही १९१९ मध्ये मृत सैनिकांच्या आई आणि पत्नीसाठी जांभळ्या फितीचा चांदीचा क्रॉस सुरू केला. त्याच्या मागे सैनिकाचं नाव कोरलेलं असतं.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. आजी साताऱ्याकडे एकटीने शेत ओढत पोस्टमनची वाट बघायची. तिच्या लुगड्यावर असा बिल्ला कधी लागला नाही. मिळाला असता तर तिने तो कुंकवाच्या करंड्यात जपला असता, एवढं मला नक्की माहीत आहे.