विमान ट्रॅक्टरसारखं वळत नाही

"पायलट पायानं शेपटीचं सुकाणू फिरवतो की विमान वळतं. वेग सगळा थ्रॉटलच्या हातात. वळताना खाली चाललंय वाटलं तर स्टिक मागे ओढायची, झालं." गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडणाऱ्या शिकाऊ विमानाच्या फोटोसकट हा मेसेज गोंदिया-भंडाऱ्याच्या ग्रुपांवर फिरतो आहे. ज्या पोरांना उद्या पायलट व्हायचंय तीच तो पुढे ढकलतात, म्हणून लिहायला बसलो.

धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालणारी घार बघा. एक पंख खाली, एक वर. विमानही एलेरॉननं, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांनी, असंच कलतं. पंखांची उचल तिरकी होते आणि तिचा आडवा हिस्सा विमानाला वळणात ओढतो. मग रडर, म्हणजे ते शेपटीचं सुकाणू, कशाला? कलताना वर जाणाऱ्या पंखाला हवा जास्त अडवते, नाक उलटीकडे सरकतं. पेडलनं ते सावरायचं, एवढंच. नुसत्या पेडलवर वळवलं तर चिखलात ट्रॅक्टर घसरावा तसं विमान बाहेर घसरतं.

वेगाचं म्हणणं अर्धवट आहे. ट्रिम केलेल्या, म्हणजे स्टिक न धरताही एका वेगावर स्थिर राहील असं बसवलेल्या विमानात स्टिक न हलवता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, वाढवा: वेग फारसा वाढत नाही, विमान चढू लागतं. इंजिन बंद पडल्यावर तर थ्रॉटल उरतच नाही. तेव्हा सेस्ना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाचा पायलट नाक खाली ठेवून साधारण ६५ ते ६८ नॉट (ताशी १२० ते १२६ किमी) वेग राखतो. तो वेग उंची खर्चून मिळतो.

स्टिक ओढण्याचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल ढासळते, ती हवेला फार मोठ्या कोनात भिडल्यामुळे, आणि स्टिक ओढली की नेमका तोच कोन वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला स्टॉल होणारं विमान उंची राखून ४५ अंश कललं तर ६० नॉटलाच स्टॉल होतं, ६० अंशांवर ७१ नॉटला. आता उतरण्याआधीचं शेवटचं वळण डोळ्यांपुढे आणा. मागून वारा, धावपट्टीची रेघ हुकते. पोरगं जास्त कलायला भितं, पेडल दाबतं; नाक खाली जातं, ते स्टिक ओढतं. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेतं. पाचशे फुटांवर त्यातून बाहेर यायला उंचीच नसते.

रेघ हुकली तर पेडलनं ओढाताण करायची नाही. पंख सपाट, थ्रॉटल पूर्ण, आणि पुन्हा एक फेरी.