‘मार्गदर्शक तासभर उशिरा आली’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण तिघी बहिणी आणि पाच मैत्रिणी अशा आठ जणींनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याबरोबर अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीची सहल केली. परतल्यावर आपण पाचपैकी दोन तारे देऊन जो अभिप्राय लिहिला, तो मी दोन दिवसांत तीनदा वाचला. इतक्या वर्षांनी बहिणी एकत्र आल्या आणि तो दिवस मनासारखा गेला नाही, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते.

आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, मार्गदर्शक तासभर उशिरा आली आणि तोवर आपल्याला थंडीत ताटकळावे लागले. मग उशीर झाल्याचे कारण सांगून तिने दरीत उतरताना दीड मैलावरूनच आपल्याला माघारी फिरवले. त्याच वाटेवर पुढे असलेले इंडियन गार्डन हे ठिकाण कार्यक्रमातून परस्पर गाळले. आणि वाटेत ती थोरल्या ताईंवर सगळ्यांदेखत ओरडली. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींवर मतभेद होऊ शकतात. पहिली गोष्ट मात्र घडलेलीच नाही, आणि बाकीच्या सगळ्या तक्रारी तिच्यावरच उभ्या असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

भेटण्याची वेळ पहाटे साडेचारची होती. मार्गदर्शक चार वाजून वीस मिनिटांनी हॉटेलच्या दारात हजर होती, आणि तिने त्याच वेळी मला पाठवलेला ‘पोहोचले, पण खाली कोणी नाही’ हा संदेश माझ्याकडे अजून आहे. आपण सगळ्या साडेतीनलाच खाली आला होता, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याचे कारण आदल्या दिवशीच्या प्रवासात आहे. ॲरिझोना राज्याने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत 1968 पासून बंद केलेली आहे, परंतु त्याच राज्यात मोठा भाग असलेल्या नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो या मूळ रहिवाशांच्या स्वशासित भूमीवर ती पद्धत पाळली जाते. (त्या भूमीने चहूबाजूंनी वेढलेले होपी हे दुसरे मूळ रहिवासी मात्र ती पाळत नाहीत, त्यामुळे त्या बाजूला एका दिवसात घड्याळ किती वेळा बदलावे हा प्रश्न नव्या माणसालाच काय, मलाही पहिली दोन वर्षे पडत असे.) आदल्या दिवशी आपण पाहिलेली मॉन्युमेंट व्हॅली ही नवाहो भूमीवर आहे. तेथे पोहोचल्यावर फोन आपोआप तासभर पुढे गेले आणि थोरल्या ताईंनी आपले मनगटी घड्याळ हाताने पुढे केले. रात्री ग्रँड कॅन्यनला आल्यावर फोन आपोआप मागे आले, पण हाताचे घड्याळ तसेच राहिले, आणि पहाटेचा गजर त्याच घड्याळाने दिला. त्यामुळे ताईंच्या घड्याळात साडेचार वाजले तेव्हा इथे, दरीच्या काठावरच्या हॉटेलात, साडेतीन वाजले होते. हे मी तर्काने सांगत नाही. आपल्याच एका मैत्रिणीने वाटेत हा घोळ मार्गदर्शकेला हसत हसत सांगितला होता. अभिप्रायात तो कसा उतरला नाही, हे मला समजले नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीहून परतीच्या वाटेवर कॅमरून हे गाव ओलांडल्यानंतर चालकाने घड्याळे मागे करण्याची सूचना दिली होती. गाडीत तेव्हा बहुतेक जणी झोपल्या होत्या, कारण ठरल्याप्रमाणे संध्याकाळी सहाला न निघता सूर्यास्त पाहूनच निघायचे असा आपला आग्रह होता. तो आग्रह गैर होता असे मी म्हणत नाही. तेथला सूर्यास्त पाहायला कोणीही थांबेल. परंतु मुक्कामी पोहोचायला त्यामुळे रात्रीचे साडेदहा वाजले, आणि त्याची झळ दुसऱ्या पहाटेला लागली.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. खाली कोणी दिसेना म्हणून आपण चार वाजता पुन्हा खोल्यांत गेलात, जे अगदी स्वाभाविक होते. पाच मैत्रिणी साडेचारला परत आल्या. आपल्यापैकी दोघी बहिणींना डोळा लागला, फोन मुके होते, आणि दार वाजवून वाजवून अखेर पाच वाजून पन्नास मिनिटांनी सगळ्या एकत्र जमल्या. त्यानंतर एका मैत्रिणीच्या टाचेला पट्टी लावणे, पाण्याच्या पिशव्या भरणे हे सारे होऊन दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर पहिले पाऊल पडले ते सहा वाजून वीस मिनिटांनी. पाचला निघायचे ठरले होते. त्या दीड तासात मार्गदर्शक बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि जूनमध्येही त्या वेळी काठावर स्वेटर लागतो.

आता दीड मैलाविषयी. डोंगरावर माणूस आधी चढतो आणि दमला की उतरतो. दरीत हे उलटे असते, सोपा भाग आधी येतो. उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आतल्या वाटेवर चालणे टाळावे, आणि एका दिवसात तळातल्या नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नये, असे राष्ट्रीय उद्यानाचे स्पष्ट सांगणे आहे. ‘तळ दाखवतो म्हणून नेले’ असे आपण लिहिले आहे. तळ दाखवण्याचे वचन आम्ही कधीही, कोणालाही दिलेले नाही. जूनमध्ये काठावर 27 अंश असतात तेव्हा खाली नदीकाठी 38 किंवा त्याहून अधिक असतात. आमचा बेत तीन मैलांवरच्या विश्रांतीगृहापर्यंतचा होता, म्हणजे 2,120 फुटांचा उतार, आणि तेवढाच चढ.

आपण पहिल्या विश्रांतीगृहाशी सात वाजून वीस मिनिटांनी पोहोचलात. दीड मैल, 1,120 फूट उतरायला एक तास लागला, कारण पहिल्या बोगद्याशी आठही जणींची छायाचित्रे निघाली, आणि ती निघायलाच हवी होती. पुढे गेला असतात तर तीन मैलांवर सव्वाआठ वाजले असते, आणि थोडी विश्रांती घेऊन वर यायला दुपारचे बारा वाजून गेले असते. शेवटचे दोन तास चढ, डोक्यावर ऊन, आणि जिच्या टाचेला आधीच पट्टी होती ती मैत्रीण. मार्गदर्शकेने वीस मिनिटे थांबून सात चाळीसला फिरायचे ठरवले. ‘पावणेदहालाच आम्ही वर होतो, ऊन जाणवलेही नाही, मग फिरवलेच कशाला?’ असे आपण विचारले आहे. ऊन जाणवले नाही ते पावणेदहाला वर होतो म्हणूनच, एवढेच नम्रपणे सांगते.

इंडियन गार्डनच्या बाबतीत चूक आमची आहे. साडेचार मैलांवरच्या त्या ठिकाणाचे नाव 2022 मध्ये बदलून हवासुपाई गार्डन्स करण्यात आले. त्या जागी पूर्वी हवासुपाई हे मूळ रहिवासी शेती करीत असत, उद्यान झाल्यावर त्यांना तेथून हुसकण्यात आले, आणि जुने नाव काढून टाकावे ही त्यांचीच मागणी होती. वाटेवरच्या फलकावर नवे नाव आणि आमच्या पत्रकात जुने, त्यामुळे एक ठिकाण गाळून दुसरेच सांगितले जात आहे असा आपला समज झाला. पत्रक मी स्वतः दुरुस्त करीत आहे. तरीही त्या ओळीपुढे ‘वेळ आणि हवामान पाहून’ असे लिहिलेले होते, हे नमूद करते.

राहिली ओरडण्याची गोष्ट. खेचरांचा तांडा खाली येत होता. अशा वेळी चालणाऱ्यांनी डोंगराच्या, म्हणजे आतल्या बाजूला सरकून स्तब्ध उभे राहायचे असते. सात जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि थोरल्या ताई दरीच्या कडेला, पाठ दरीकडे करून, दोन्ही हातांनी फोन उंच धरून उभ्या होत्या. पहिले खेचर त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होते. मार्गदर्शकेचा आवाज चढला हे तिने स्वतःच मला सांगितले, आणि ताईंचे मन दुखावले असल्यास तिच्या वतीने मी क्षमा मागते. ती पुन्हा तशा प्रसंगी आवाज चढवणार नाही, असे मात्र मी लिहून देऊ शकत नाही.

मी हा व्यवसाय फक्त स्त्रियांच्या लहान गटांसाठी चालवते, कारण मीही दोन बहिणींची बहीण आहे आणि घरच्या जबाबदाऱ्या बाजूला ठेवून चार दिवस काढणे किती कठीण असते ते मला माहीत आहे. वर्षाला मोजक्याच सहली निघतात. नवी चौकशी करणारी प्रत्येक जण आधी अभिप्राय वाचते, आणि आपण लिहिल्यापासून ऑक्टोबरच्या दोन गटांनी ‘थोडे थांबू’ असे कळवले आहे. आपण अभिप्राय बदलावा असे मी म्हणणार नाही. फक्त ‘मार्गदर्शक तासभर उशिरा आली’ हे एक वाक्य पुन्हा पाहावे, ही विनंती आहे, कारण त्या वाक्याने माझ्यापेक्षा तिचे अधिक नुकसान होते.

‘सर्व वेळा ॲरिझोनाच्या’ ही सूचना पत्रकाच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात होती. ती पहिल्या पानावर आणण्याचा आणि मॉन्युमेंट व्हॅली निराळ्या दिवशी ठेवता येईल का याचा विचार आम्ही पुढील हंगामापूर्वी नक्की करू. चालण्याच्या काठ्यांचे प्रत्येकी 12 डॉलर भाडे आठही जणींना परत केले आहे. थोरल्या ताईंची निळी टोपी गाडीच्या मागच्या आसनावर राहिली होती, ती सोमवारी टपालाने रवाना केली आहे.

आपली नम्र,
संचालिका