होतकरू महासत्तांसाठी काही सूचना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या होतकरू महासत्तांनो, नकाशावर हद्द काढाल तर सलग काढू नका, तुटक काढा. 1947 च्या चिनी नकाशात दक्षिण चीन समुद्राभोवती 11 तुकडे होते, पुढे 9 झाले, 2023 च्या नकाशात 10 दिसले. सलग रेघेला लोक अक्षांश-रेखांश विचारतात. तुकड्यांमधली जागा कुणाची, हे मच्छीमाराच्या होडीवर गस्तीनौकेतून पाण्याचा फवारा बसला की आपोआप कळतं.

शेजारी लवादाकडे गेला तर जाऊ द्या. फिलिपिन्स गेलं, 12 जुलै 2016 ला जिंकलंही. चीनने सुनावणीकडे पाठ फिरवली आणि निकाल रद्दबातल ठरवून मोकळा झाला. निकाल पाळा म्हणून सगळ्यात मोठा गळा अमेरिकेचा; ज्या सागरी कराराखाली तो लागला, त्याला तिनेच अजून मान्यता दिलेली नाही. स्वतः हरलात तर नकाराधिकार हाताशी हवाच. 1986 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयात निकाराग्वाविरुद्ध हरल्यावर, निकाल पाळण्याचा ठराव अमेरिकेनेच सुरक्षा परिषदेत पाडला. आपला सीमाभागाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे ही सोय नसल्यामुळे तारखांवर भागवावं लागतं.

आता खरं काम, कोंडी करण्याचं. तेलाच्या नादी लागू नका, त्यात गिऱ्हाईक फार. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं धरा. नावालाच दुर्मिळ आहेत ती, जमिनीत बऱ्याच ठिकाणी सापडतात. पण एकमेकांपासून वेगळी करायची म्हणजे आम्लाच्या टाक्या आणि घाण पाणी. ती घाण इतरांनी आनंदाने चीनकडे ढकलली. मग 4 एप्रिल 2025 ला चीनने सात मूलद्रव्यांवर निर्यात परवाना लावला. त्यातलं डिस्प्रोसियम गाडीच्या मोटरमधल्या चुंबकात थोडंसंच पडतं, पण ते नसेल तर मोटर तापली की चुंबकाचा जोर ओसरतो. इथली खुबी शिकून घ्या: बंदी म्हणायचं नाही, ‘अर्ज करा’ म्हणायचं. माल शेवटी कोण वापरणार याचं हमीपत्र मागायचं. गाडीचा कारखाना एका चिमटीसाठी अडतो, आणि आपण कुणालाच नाही म्हटलेलं नसतं.

तोवर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून पोलादी भाग अमेरिकेला पाठवत असाल तर जरा जपून. तिथली जकात मार्च 2025 मध्ये 25 टक्के होती, जूनमध्ये 50 झाली. आणि दर लागतो तो माल तिकडे उतरतो त्या दिवसाचा, इथून निघतो त्या दिवसाचा नव्हे. कोटेशनवर ‘जकात गिऱ्हाइकाकडे’ असं ठळक छापून घ्या. गिऱ्हाईक त्यातली निम्मी तुमच्या बिलातून कापणारच, पण छापील असलेलं बरं.