मीठ टाकलं म्हणजे समुद्र होत नाही

खाऱ्या पाण्याची पहिली मत्स्यटाकी लावायची म्हटलं की हल्ली एक ठरावीक मेसेज हातात पडतोच. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आलाय. त्याचा सारांश असा: रीफ टाकीचा (म्हणजे मासे आणि कोरल, अर्थात प्रवाळ, एकत्र ठेवायच्या टाकीचा) खर्च हा विकणाऱ्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. गोड्या पाण्याची छोटी टाकी, तिचाच कॅनिस्टर (बाहेरच्या डब्याचा) फिल्टर, लिटरमागे एक वॅट एलईडी, एक दणकट हीटर, खारटपणा मोजायचा काट्याचा हायड्रोमीटर आणि दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी एवढं पुरतं. मीठ मिसळा, जिवाणूंची बाटली ओता, संध्याकाळी क्लाऊनफिश सोडा. आरओ-डीआय (पाण्यातले क्षार काढणारं युनिट), वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारा) ही सगळी पैसेवाल्यांची खेळणी.

लिहिणाऱ्याचा राग मला समजतो. नवख्याच्या गळ्यात नको ते मारणं सर्रास चालतं. जंतू मारणारा यूव्ही दिवा, रसायनं मापून सोडणारा डोसिंग पंप, मोबाइलवर आलेख दाखवणारा कंट्रोलर यांतलं काहीही पहिल्या टाकीला लागत नाही, हे मीही सांगेन. पण त्याने सामानाकडे पाणी साफ करणारी यंत्रं म्हणून पाहिलंय, आणि तिथेच त्याची यादी घसरते. समुद्राचं पाणी आज जसं तसंच उद्या असतं, आणि कोरलला त्याचीच सवय. तेव्हा टाकीतलं पाणीही रोज तेच राहावं, यासाठी सामान घ्यायचं. आता त्याचे मुद्दे एकेक घेऊ.

“छोटी टाकी घ्या, सांभाळायला सोपी.”

यावर सहसा जे उत्तर दिलं जातं तेही अर्धवटच असतं: छोट्या टाकीत पाणी उडालं की खारटपणा झपाट्याने वाढतो, म्हणून मोठी घ्या. गणित करून बघा. पाणी पृष्ठभागावरून उडतं, मीठ मागे राहतं. ३० सेंटिमीटर खोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेलं) पाणी ३६.२ होतं. ५० सेंटिमीटर खोल टाकीत तेवढीच उतरली तर ३५.७. म्हणजे इथे लिटरपेक्षा खोलीचा संबंध जास्त, आणि फरक आहे पण आकाश-पाताळाचा नाही.

खरा फरक चुकांच्या बाबतीत पडतो. दगडामागे एक गोगलगाय मरून कुजली, तर तिचा अमोनिया ३० लिटरमध्ये पसरणं आणि २०० लिटरमध्ये पसरणं यात जवळजवळ सातपटीचा फरक आहे. खाणं जास्त पडलं, औषधाचं माप चुकलं, हीटर अडकला, सगळ्याला हाच हिशोब. नवखा माणूस चुका करणारच. त्या पोटात घालायला पाणी हवं. जागा असेल तर १५० ते २०० लिटर हा पहिल्या टाकीचा समजूतदार आकार. फक्त स्टँड घेताना एवढं लक्षात ठेवा की २०० लिटर खारं पाणी एकटंच २०५ किलो भरतं, दगड, वाळू आणि काच वेगळी.

छोटीच घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण मग ऑटो टॉप-अप हे खेळणं राहत नाही. उडालेलं पाणी रोज थोडं-थोडं भरून काढणारा तो साधा सेन्सर आणि पंप छोट्या टाकीला मोठीपेक्षा जास्त गरजेचा. भरायचं ते गोडं पाणी, खारं नव्हे. त्याची पाण्याची बादली छोटीच ठेवा, म्हणजे सेन्सर अडकला तरी टाकीत गोड्या पाण्याचा पूर यायचा नाही.

“नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं.”

क्लोरीन उडतं, खरंय. पाणी निर्जंतुक करायला वापरलं जाणारं क्लोरामाइन असं सहज उडत नाही. तांबं, फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट तर कधीच उडत नाहीत. तांबं कोळंबी, गोगलगाय आणि कोरल यांना माशांपेक्षा कितीतरी कमी प्रमाणात घातक ठरतं. सिलिकेट आलं की काचेवर डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) तपकिरी थर आणि फॉस्फेट आलं की केसासारखं शेवाळ. शिवाय रोज जे पाणी भरता त्यातले क्षार साचत जातात, कारण उडतं ते निव्वळ पाणी. पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही, पाचव्यात टाकी हिरवी होते आणि मालक बिचारा दिव्याला दोष देतो.

म्हणून माझ्या यादीत पहिली खरेदी आरओ-डीआय युनिट आणि सोबत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर. आरओचा पडदा साधारण ९५ टक्के क्षार अडवतो: ३०० टीडीएसचं पाणी आत गेलं तर १५ च्या आसपास बाहेर येतं. उरलेलं डीआय रेझिन पकडतं आणि मीटर शून्य दाखवतो. शून्य सुटून आकडा वर सरकू लागला की रेझिन बदलायचं. “घरात पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर आहे की,” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले बरेच प्युरिफायर चवीसाठी खनिजं मुद्दाम परत मिसळतात, आणि डीआयचा टप्पा त्यांत नसतोच. मीटर लावून बघा, वाद मिटेल.

“काट्याचा हायड्रोमीटर पुरतो.”

याच्यावर मी स्वतः दीड महिना विश्वास ठेवला होता. काट्याला चिकटलेला बारीकसा बुडबुडा काटा वर उचलतो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. माझा काटा विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ सांगत होता, प्रत्यक्षात पाणी १.०२१ च्या आसपास होतं, आणि झोअँथिड्स (बटणांसारखे दिसणारे कोरलचे नातलग) मिटून का बसलेत हे मी रोज दिव्याखाली शोधत होतो. हवं आहे ते ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६.

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारा) घ्या, पण त्यातही एक गोम आहे. स्वस्तातले बरेचसे मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. असा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य केला, तर ३५ च्या पाण्याला तो ३६.५ च्या आसपास दाखवतो. म्हणून ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण वापरूनच तो जुळवायचा. ज्या आकड्यापाशी मोजायचंय तिथेच तो बरोबर असला म्हणजे झालं.

“एक दणकट हीटर घ्या, ताकद जास्त तेवढं बरं.”

मेसेजमधला सगळ्यांत धोकादायक सल्ला हाच. हीटरमधला थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा पुष्कळदा त्याचे संपर्क चिकटून तो चालूच राहतो. १०० लिटर पाण्यात ३०० वॅटचा हीटर अडकला, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तरी तासाला अडीच-पावणेतीन अंश चढतात. सकाळी कामाला निघालात तर दुपारपर्यंत रस्सा तयार. तोच अडकलेला हीटर १०० वॅटचा असता तर तासाला एक अंशही चढला नसता, आणि पाणी तापेल तसं बाहेर जाणारी उष्णता त्याला गाठत गेली असती. म्हणून ताकद विभागून दोन छोटे हीटर घ्यायचे आणि दोन्ही एका वेगळ्या तापमान-नियंत्रकावर लावायचे. एक बंद पडला तर दुसरा थोडंफार सांभाळतो, एक अडकला तर नियंत्रक त्याची वीज तोडतो.

आणि हवा मुळातच गरम असेल तर हीटरचा प्रश्नच दुय्यम. तिथे पाणी थंड ठेवायचंय. रीफला २४ ते २७ अंश मानवतात; नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा-दोन अंश जास्त काही आठवडे टिकले तर समुद्रातलंही कोरल पांढरं पडतं. चिलर घेण्याआधी पृष्ठभागावर वारा मारणारा साधा पंखा लावून बघा. एक लिटर पाणी उडताना सोबत जी उष्णता नेतं ती १०० लिटर पाणी सहा अंशांनी थंड करायला पुरेल एवढी असते. हवा दमट असेल तर मात्र पंख्याची डाळ शिजत नाही. आणि हो, पंखा लावला की टॉप-अप आलाच.

“कॅनिस्टर आहे ना, मग वेव्हमेकर आणि स्किमर कशाला?”

दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात बांधल्यात. स्किमरबद्दल तो निम्मा बरोबर आहे. ४० लिटरच्या टाकीत आठवड्याला चार लिटर पाणी बदललं की स्किमरशिवाय भागतं. मोठ्या टाकीत, मासे जास्त असतील तर, तो हवा; कारण फेसाला चिकटलेली सेंद्रिय घाण कुजण्याआधीच तो बाहेर काढतो, आणि पाण्यात हवा खेळवतो तो फायदा वेगळाच. कॅनिस्टरला ‘नायट्रेटचा कारखाना’ म्हणून झोडपणारेही अतिशयोक्ती करतात. अमोनियापासून नायट्रेट कुठल्याही फिल्टरमध्ये होणारच. अडचण आत अडकून सडणाऱ्या गाळाची; दर आठवड्याला डबा उघडून धुणार असाल तर वापरा. किती जण धुतात ते मला ठाऊक आहे. टाकीत रचलेल्या चांगल्या सच्छिद्र दगडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात, ते काम कॅनिस्टरला फारसं जमत नाही.

मेसेजच्या बाजूने एक दाखला देता येईल, तो मीच देतो. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत मांडली: जिवंत दगड (ज्यांत जिवाणू आणि छोटे जीव वसलेले असतात ते), हवेचे बुडबुडे, सूर्यप्रकाश, आणि बाकी जवळजवळ काही नाही. पण त्यांचं पाणी आणि दगड दोन्ही समुद्रातून आलेले. आपण बादलीत कालवलेल्या मिठाची तुलना त्याच्याशी कशी करणार?

प्रवाहाबद्दल मात्र मेसेज लिहिणारा साफ चुकलाय. कोरल जागचं हलत नाही. त्याच्या अंगालगत साचलेल्या पाण्याचा पातळ थर असतो, आणि त्या थरातूनच वायू, अन्न, मळ सगळ्याची ये-जा होते. प्रवाह जितका चांगला तितका तो थर पातळ. मऊ कोरलला तासाला टाकीच्या दहा ते वीस पट, काड्यांसारख्या टणक कोरलला तीस-चाळीस पट पाणी फिरावं लागतं. कॅनिस्टर चार-पाच पटींवर दमतो, तोही एकाच दिशेने. समोरासमोर लावलेले, आलटून-पालटून जोर धरणारे दोन छोटे वेव्हमेकर हे एका मोठ्यापेक्षा चांगले: एक बंद पडला तरी टाकी गुदमरत नाही.

“लिटरमागे एक वॅट.”

हा हिशोब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. कोरलपर्यंत किती उजेड पोचला ते त्यातून कळत नाही. मोजायचं असतं पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. मऊ कोरलला साधारण ५० ते १५०, टणक काडीदार कोरलला २०० ते ३५० किंवा जास्त. कोरलच्या पेशीत राहणारं शेवाळ ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यावर चांगलं जगतं, म्हणून नुसता पांढरा एलईडी कितीही वॅटचा घेतला तरी तो काम कमी आणि काचेवरचं शेवाळ जास्त वाढवेल. पीएआर मीटर महाग असतो. उसना मिळाला तर एकदा मोजून घ्या. आणि नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण जोरात लावू नका. माझ्या पाहण्यात अंधाराने मेलेल्या कोरलांपेक्षा उजेडाने भाजलेली जास्त आहेत.

“बाटली ओता, संध्याकाळी मासे सोडा.”

चांगल्या बाटल्यांतले जिवाणू माशांच्या मळातला विषारी अमोनिया पचवायचं काम करतात, थट्टेचं कारण नाही. पण काम झालंय की नाही हे बाटली सांगत नाही, अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी सांगते. टेस्ट किट मेसेजच्या यादीतच नाही. दोन्ही आकडे शून्यावर येईपर्यंत थांबायचं. बाटलीशिवाय याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. अल्कलिनिटीचं (पाण्याच्या आम्ल झेलण्याच्या क्षमतेचं) किटही घ्या. ती ८-९ डीकेएचवर (हे तिचं एकक) स्थिर ठेवता आली तर पहिलं वर्ष बरंचसं सुखात जातं.

मेसेजमध्ये वीज जाण्याबद्दल एक शब्द नाही. सम्प (टाकीखालची, फिल्टरचं सामान ठेवायची दुसरी टाकी) असेल तर पंप थांबताच वरच्या टाकीतलं बरंच पाणी पाइपातून उलटं खाली येतं. पाणी भरलं त्याच दिवशी, मासे आणण्याआधी, मेन स्विच बंद करून सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघा. चालू असतानाच्या पातळीवर मार्करने एक रेघ ओढा आणि सम्प कधीही तिच्यावर भरू नका. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना मध्येच खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळणारं खारं पाणी तिथून खाली टपकेल, सॉकेटपर्यंत पोचणार नाही. आणि बॅटरीवर चालणारा एक छोटा हवेचा पंप कपाटात टाकून ठेवा.