येळवस कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, पुण्याहून सुट्टी काढून मी मुलांना वेळा अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवसेला, शेतात नेलं, तो सण मुळात कर्नाटकातला. त्याला 'मराठवाड्याचा सण' म्हणणं चूक. संस्कृतीच दाखवायची तर वेरूळला न्यायचं होतं.

माझ्या आधीच्या लेखाचं शीर्षक चुकलं, हे मान्य. येळवस मुख्यतः लातूर-धाराशिवकडची. जालन्याच्या माझ्या मैत्रिणीला ती समजावून सांगावी लागली होती. शीर्षक आजच बदलते.

पण कर्नाटकातला म्हणजे आपला नव्हे, हे मला पटलं नाही. खरं सांगायचं तर लागलं. माझ्या आजीचं माहेर आज कर्नाटकात असलेलं बिदरकडचं भालकी, सासर लातूरकडच्या निलंग्याकडं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं कुठलंही राज्य ओलांडलं नव्हतं. बिदर, गुलबर्गा आणि आपले जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानातच होते. मधे राज्याची रेघ आली ती १ नोव्हेंबर १९५६ला. रेघ आल्यावर आजीनं सण बदलायचा होता का? मार्गशीर्षातल्या याच अमावास्येला तिच्या माहेरी एळ्ळमावास्ये, इकडं येळवस. डोक्यावरून आंबील नेतो ते बिंदगं, तिकडं बिंदिगे. मडकं तेच, चालही तीच.

आता वेरूळचं. तिथं मीही गेले आहे, पुन्हा जाईन. पण कैलास लेणं कोरवलं ते राष्ट्रकूट घराण्यातल्या पहिल्या कृष्ण राजानं, आठव्या शतकात. त्याची घडण पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळते, आणि पट्टदकल कर्नाटकात. राष्ट्रकूटांची पुढची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आणि हेच राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर नगराचे स्वामी, म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. तुमचा कैलास मला परका वाटत नाही, दादा. मग माझी येळवस तुम्हाला का वाटावी?

'बाहेरच्यानं तिथं बघायचं काय' असंही तुम्ही विचारलंय. त्या दिवशी लातूरला स्थानिक सुट्टी असते, बाजारात शुकशुकाट, अख्खं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, तिच्यात पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, पुढं नैवेद्य. मग भज्जी. ही तळलेली भजी नव्हे, एवढं आधी सांगते. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी-पातीसारखी हिरवी भाजी, सगळं बेसनात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबील पोटभर. घरचा माणूस पिकावर आंबील शिंपडत धुऱ्यानं फिरतो. माझ्या धाकट्यानं पहिल्यांदाच ज्वारीचं कणीस हातात धरलं, आणि 'हे आपलं आहे का?' असं आजोबांना विचारलं. मी सुट्टी काढली ती एवढ्यासाठी.

आणि तिथं ओळख लागत नाही. यंदा आमच्या रानासमोर कर्नाटक पासिंगचा ट्रक थांबला होता. वडिलांनी ड्रायव्हरला हाक मारली, तो येऊन पंगतीला बसला. भज्जी दुसऱ्यांदा वाढताना आईनं त्याला विचारलं, "तुमच्याकडं यात काय घालतात?" दोघं बराच वेळ त्यावरच बोलत होते.